वजनदार एसएमपीएस

कॉम्प्युटरच्या पोटात एक पत्र्याचा डबा असतो. भिंतीतली वीज आत घ्यायची, तिचा जोर कमी करायचा आणि आतल्या प्रत्येक भागाला ज्याच्या त्याच्या मापाने वाटायची, एवढंच त्याचं काम. बाजारात त्याला एसएमपीएस म्हणतात. इतकी वर्षं मी कॉम्प्युटरवर चार पैसे मिळवते, पण या डब्याकडे कधी ढुंकून पाहिलं नव्हतं. स्वयंपाक करणारी बाई काय रोज गॅसच्या नळीची विचारपूस करते? मागच्या उन्हाळ्यात मात्र या डब्याने माझ्या नाकात दम आणला, आणि डब्यापेक्षा जास्त माझ्या नवऱ्याने.

मी डोंबिवलीत घरी बसून मराठी मजकूर जुळवून देते. लग्नपत्रिका, मुंजीच्या पत्रिका, कोकणातल्या गावांच्या इथल्या मंडळांच्या स्मरणिका, उत्तरकार्याची कार्डं. ज्या सॉफ्टवेअरवर हे करते ते इतकं जुनं आहे, की त्याला चालण्यासाठी एक कुलूप लागतं. कुलूप म्हणजे अंगठ्याएवढा प्लास्टिकचा तुकडा. पूर्वी प्रिंटर जोडायचे ती रुंद खाच जुन्या कॉम्प्युटरच्या मागे असते, तिच्यात तो बसवायचा, मगच सॉफ्टवेअर उघडतं. नव्या कॉम्प्युटरला ती खाचच नसते. माझी आजवरची सगळी कामं, सगळी अक्षरवळणं, बोटांना पाठ झालेला सगळा कळफलक त्या कुलपाच्या आत आहे.

मुलगा आणि सून ठाण्याला राहतात. मुलाचं प्रत्येक गोष्टीवर एकच उत्तर असतं, "आई, लॅपटॉप घे." मी त्याला खाच समजावून सांगते, तो "हो हो" म्हणतो आणि पुढच्या रविवारी परत लॅपटॉपवर येतो. ऐकून ऐकून माझे कान किटले. मागे एकदा तर म्हणाला, "नाहीतरी आता किती दिवस करणार आहेस? आराम कर की." हे मला जास्त लागलं. आराम म्हणजे काय, ते मी शेजारच्या बायकांकडे बघून ओळखून आहे. सकाळी नातवंडांची शाळा, दुपारी नातवंडांचं जेवण, संध्याकाळी नातवंडांचा क्लास. नातवंडं मला आवडतात. पण माझ्या टेबलावर बसलं, की मला कुणी आई म्हणत नाही आणि कुणी आजी म्हणत नाही, हे मला अजून हवं आहे.

तर झालं असं की, एप्रिलच्या सुरुवातीला माझ्या जुन्या कॉम्प्युटरमधून फट्ट आवाज आला, जळक्या रबराचा वास सुटला आणि पडदा काळा झाला. एसएमपीएस गेला होता. नुसता गेला असता तर चाललं असतं. जाताना तो मदरबोर्डही घेऊन गेला. मदरबोर्ड म्हणजे आतली मोठी हिरवी पाटी, सगळे भाग जिच्यावर बसतात ती, आणि माझी ती खाचही तिलाच असते.

नवऱ्याने डबा उघडून हातात तोलला आणि म्हणाला, "हलका माल. कॅबिनेटबरोबर फुकट येतो ना, तो."

नवरा म्हणजे निवृत्त इलेक्ट्रिशियन. मानपाड्याजवळच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होता. तिथल्या मोटरी, पॅनल, फ्यूज सगळं त्याच्या हाताखालून गेलेलं. विजेची गोष्ट निघाली की त्याचा आवाज एक पट्टी वर जातो. आमच्या घरातला इन्व्हर्टरही त्यानेच बसवलेला. कारखान्यातल्या एका ओळखीच्या माणसाकडून भाग आणून त्याने तो स्वतः जोडला, त्याला बरीच वर्षं झाली. पाहुणा आला की चहाच्या आधी इन्व्हर्टरचं दर्शन होतं.

शहाडच्या पुढे जुन्या कॉम्प्युटरचे भाग विकणारा एक माणूस आहे. त्याच्याकडे आम्हाला खाचवाला बोर्ड मिळाला. तो म्हणाला, "ताई, या जातीचा हा शेवटचाच पीस. जपून वापरा. हा गेला तर माझ्याकडे दुसरा नाही, आणि कुणाकडे असेल असं वाटत पण नाही." मी तो बोर्ड वर्तमानपत्रात गुंडाळून, मांडीवर घेऊन रिक्षाने घरी आणला. प्रोसेसर सोसायटीतल्या एकांनी टाकून दिलेल्या कॉम्प्युटरमधून काढला. हार्ड डिस्क माझीच जुनी, नशिबाने वाचलेली. नवऱ्याने सगळं नीट बसवलं. राहिला एसएमपीएस.

या वेळचा एसएमपीएस चुकला आणि हा बोर्डही जळला, तर माझं काम कायमचं बंद. हे नवऱ्याला ठाऊक होतं आणि मलाही. त्यामुळे खरेदीला आम्ही दोघं मिळून निघालो, आणि तीच चूक झाली.

पहिलं दुकान डोंबिवली पूर्वेला. दुकानदाराने एक खोका पुढे सरकवला. "साडेचारशे वॉट. आँख बंद करके घेऊन जा काका."

नवऱ्याने डोळे बंद केले नाहीत. त्याने एसएमपीएस खोक्यातून काढला, तळहातावर ठेवला, वरखाली केला, कानाजवळ नेऊन हलवला. नारळ घेताना हलवतात तसा. मग जाळीला नाक लावून वास घेतला.

"हलका आहे. आत काही नाही याच्या."

"काका, भाजी नाहीये ही. साडेचारशे लिहिलंय ना वर?"

"स्टिकरवर काय, वाट्टेल ते छापता येतं. ही उभी आहे ना, ही छापते असले स्टिकर."

दुकानदाराने माझ्याकडे असं पाहिलं, जणू बनावट नोटा मीच छापते. मी तोंड उघडलं, पण तोवर नवरा पायऱ्या उतरला होता.

दुसरं दुकान, तिसरं दुकान, मग कल्याणला स्टेशनबाहेरची गल्ली. प्रत्येक ठिकाणी तेच. तोलणं, हलवणं, हुंगणं. प्रत्येक दुकानदाराला तो लोड समजावून सांगायचा. बोर्डाला इतका, डिस्कला इतका, त्याच्या दुप्पट ताकद हवी म्हणजे डबा तापणार नाही. बोलणं चुकीचं नव्हतं हो त्याचं. पण दुकानदाराला गिऱ्हाईक हवं असतं, सुपरवायझर नको असतो. एका ठिकाणी मी मध्येच म्हटलं, "अहो, याला विचारा तरी, जुन्या बोर्डाला कुठला बरा ते." तर नवरा म्हणाला, "याला काय विचारायचं? विकायला बसलाय तो."

मी हात टेकले. बाहेर उसाचा रस घेत उभी राहिले आणि मनाशी म्हटलं, हा माणूस लग्नाआधी मला बघायला आला होता, तेव्हा पाच मिनिटांत हो म्हणाला होता.

शेवटी ठाण्यात मिळाला. काळा, मॅट रंगाचा, जाडजूड वायरींचा. नवऱ्याने तळहातावर घेतला आणि हात खाली गेला, तसा त्याचा चेहरा उजळला. दुकानदारही खूश होऊन म्हणाला, "सर, हा करंट सुधारून घेतो. लेटेस्ट आहे. बोर्डाला काही होऊ देणार नाही." सर म्हटल्यावर विषयच संपला. घरी आल्यावर कळलं, की माझ्या जुन्या डिस्कला चार टोकांची रुंद पिन लागते आणि या लेटेस्टला ती नाही. मग ती जोडपिन आणायला परत कल्याण. एवढीशी वस्तू आणि त्यासाठी अख्खी दुपार.

पण कॉम्प्युटर सुरू झाला. कुलूप खाचेत बसलं, सॉफ्टवेअर उघडलं, पडद्यावर माझी अक्षरं आली. खोटं कशाला बोलू, मला भरून आलं.

त्याच आठवड्यात मानपाड्याकडच्या एका गावातून लग्नपत्रिकेचं काम आलं. काम घेऊन आली ती नवऱ्यामुलाची आत्या. आगरी घरातली, ठसठशीत कुंकू, बोलणं खणखणीत. त्या गावांतल्या पत्रिका म्हणजे आपलं एका कार्डाचं काम नव्हे. हळदीचं वेगळं पान, लग्नाचं वेगळं, आणि मग भाऊबंदांची नावं. चुलते, मामा, आते, मावस, दाजी, भाचे, शेवटी "आमच्या काकाच्या लग्नाला नक्की यायचं" म्हणणारी सगळी पोरंटोरं. प्रत्येक नाव मानाच्या जागी हवं. एखादं वरचं खाली गेलं तर माणूस हळदीला येत नाही. अशी कामं मला आवडतात, कारण ती फोनवरच्या तयार डिझाइनात बसत नाहीत. आत्याबाईच्या घरची पत्रिका चांगली झाली, तर त्या पट्ट्यातली बाकीची घरंही माझ्याकडे येतात. बिघडली, तर तीही जातात. कामाची माझ्याकडे एवढीच एक वाट उरली होती.

आणि मग शुक्रवार आला.

आमच्याकडे शुक्रवारी दुरुस्तीसाठी वीज जाते. नाष्ट्यानंतर गेली की येते कधीतरी चारच्या पुढे. त्याचं कुणाला काही वाटत नाही, सगळे शुक्रवार धरूनच चालतात. पूर्वी वीज गेली की आमचा इन्व्हर्टर टक् करून घर उचलायचा आणि मी मान वर न करता काम करत राहायची. या शुक्रवारी वीज गेली, टक् झालं, पंखा फिरत राहिला, ट्यूब पेटलेली राहिली, आणि माझा कॉम्प्युटर बंद.

मी परत सुरू केला. जेमतेम उघडला, परत बंद. टेबलाखालून टिक टिक असा आवाज यायचा आणि सगळं अंधारात. तिसऱ्यांदा मी सकाळची फाइल उघडून परत सेव्ह करत होते, तेवढ्यात गेला. सेव्ह होता होता गेला, म्हणजे फाइलच मोडली. आदल्या दिवसाची प्रत काढून पुन्हा बसवावं लागलं. मुलाने फोनवर शहाणपण शिकवलं, "आई, मध्ये मध्ये सेव्ह करत जायचं." मी फोन ठेवून दिला.

त्या गोंधळात जे व्हायचं तेच झालं. प्रूफ तसंच तिच्याकडे गेलं आणि दुसऱ्या दिवशी आत्याबाई दारात.

"ताई, यान आमचे आजाचा नावच नाय गो! सगले घरानचा मोठा मानूस, तोच नाय!"

मी पाहिलं. खरंच नव्हतं. आजोबांचं नाव मी शुक्रवारी सकाळी टाकलं होतं आणि ते त्या मोडलेल्या फाइलबरोबर गेलं होतं. मी कॉम्प्युटरची हकिकत सांगायला लागले, ती म्हणाली, "ते माला काय सांगू नको. माजे भाच्याचं लगीन हाय. आता चुकला तर मी ठान्याला देईन काम." ती रागाने बोलत नव्हती. तेच जास्त वाईट होतं.

मी ठाण्याच्या दुकानदाराला फोन लावला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मॅडम, इन्व्हर्टर कोणता आहे? साधा की प्युअर साइन, म्हणजे गुळगुळीत वीज देणारा?"

"घरी जोडलेला आहे. जुना."

"मग बरोबर आहे. जुन्या इन्व्हर्टरची वीज खडबडीत असते, त्यात सगळ्या घराचं ओझं असलं की जास्तच. ट्यूबला, पंख्याला चालते. हलक्या एसएमपीएसला पण चालते, तो काहीही खातो. हा आपला चांगला आहे, म्हणून त्याला वीज पण चांगली लागते. दोघांचं पटत नाही. आधी सांगायचं ना मॅडम."

आधी सांगायचं! इतक्या दुकानांत वॉट विचारले, वायरी विचारल्या, नवऱ्याने वास घेतला, पण घरी इन्व्हर्टर आहे का, हे कुणी विचारलं नाही आणि आम्हाला सुचलं नाही. म्हणजे आता दोनच वाटा. हलका डबा लावायचा, जो इन्व्हर्टरवर चालेल आणि एक दिवस शेवटचा बोर्ड जाळेल. नाहीतर वजनदार ठेवायचा, जो बोर्ड सांभाळेल आणि दर शुक्रवारी मला तोंडघशी पाडेल. तिसरी वाट नवा इन्व्हर्टर. ती मी जेवताना बोलून दाखवली.

नवऱ्याने घास हातात धरूनच माझ्याकडे पाहिलं. "इन्व्हर्टरला काय धाड भरलीय?"

"त्याची वीज खडबडीत आहे म्हणे."

"वीज ही वीज असते. खडबडीत काय? ती काय बाजरीची भाकरी आहे? तुझा तो ठाण्याचा दुकानदार, माल खराब निघाला की इन्व्हर्टरवर ढकलतोय."

"अहो, पण तो डबा तुम्हीच निवडलात. हुंगून."

"डबा उत्तम आहे."

"इन्व्हर्टर?"

"इन्व्हर्टरही उत्तम आहे."

म्हणजे दोन्ही उत्तम, आणि माझा कॉम्प्युटर बंद. याच्यापुढे काय बोलायचं माणसाने? मला इतका राग आला, की मी कोशिंबीर वाढायची विसरले, आणि आठवल्यावरही वाढली नाही. त्याला त्याच्या इन्व्हर्टरची अब्रू माझ्या कामापेक्षा मोठी वाटते, असं माझ्या मनाने घेतलं. झोपेपर्यंत मी बोलले नाही. सकाळी सांगून टाकलं, "सोमवारी मी हलका डबा आणणार. जळला बोर्ड तर जळला. निदान ही पत्रिका तरी पुरी होईल."

"सोमवारी थांब," तो म्हणाला. "शुक्रवार जाऊ दे एक."

"शुक्रवारी संध्याकाळी छापखान्याला फाइल हवी आहे. शुक्रवार कसा जाऊ देऊ?"

"थांब म्हटलं ना."

मी थांबले, कारण भांडायचं त्राण नव्हतं. आठवडाभर तो काहीतरी खुडबुड करत होता. बॅटरीत पाणी भर, भिंतीतल्या फ्यूजच्या डब्याचं झाकण काढ, टेस्टर घेऊन स्टुलावर चढ. या वयात स्टुलावर चढू नका म्हटलं, तर म्हणाला, खाली पकड. पकडलं. विचारलं, काय करताय? म्हणाला, साफसफाई. आत्याबाईने घरी मानाचा क्रम पुन्हा ठरवून सगळी यादी गुरुवारी रात्री नव्याने पाठवली, त्यात आणखी काही नावं होती आणि एक मामा वरच्या रांगेत हलवायला सांगितला होता. सगळं शुक्रवारवर येऊन पडलं.

शुक्रवारी मी पहाटे उठून बसले, म्हणजे वीज जायच्या आत जितकं होईल तितकं. अर्धंही झालं नव्हतं आणि वीज गेली. टक्. पडदा थरथरला. मी की-बोर्डवरचे हात उचलून धरले, जणू माझ्या हातांच्या वजनानेच तो बंद पडणार होता. पडदा तसाच उजळ राहिला. टेबलाखालची टिकटिक आली नाही. डोक्यावरचा पंखाही फिरत होता. मी श्वास सोडला आणि आजोबांचं नाव सगळ्यात वर टाकलं, सेव्ह केलं, दार लोटून घेतलं आणि जी बसले, ती तहानेची जाणीव होईपर्यंत उठले नाही.

उठले ती पाणी प्यायला. दार उघडलं आणि गरम वाफ अंगावर आली. हॉलमधला पंखा बंद होता. स्वयंपाकघरात गेले, दिवा लागेना, फ्रिज गप्प. दुधाचं पातेलं पाण्याच्या परातीत ठेवलेलं. परत हॉलमध्ये आले. नवरा बनियनवर आरामखुर्चीत बसला होता, मानेवर ओला टॉवेल, हातात कालचं वर्तमानपत्र, त्यानेच वारा घेत होता. मे महिना. बनियन पाठीला चिकटलेली.

"पंखा का बंद आहे?"

"मला हल्ली पंख्याची हवा बाधते."

"आणि फ्रिजला पण बाधते?"

त्याने वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. मग मला सगळं दिसलं. स्टूल, टेस्टर, भिंतीतला फ्यूजचा डबा. त्याने घरातली प्रत्येक लाइन इन्व्हर्टरवरून काढली होती. माझ्या खोलीतला पंखा आणि माझं टेबल, एवढंच ठेवलं होतं. बाकीचं ओझं उतरल्यावर तो म्हातारा इन्व्हर्टर माझ्या एकट्या कॉम्प्युटरला कसाबसा पुरत होता. म्हणजे इन्व्हर्टर कमी पडतोय, हे त्याला पटलं होतं. ठाण्याचा दुकानदार खोटं बोलत नव्हता, हेही पटलं होतं. पण ते तोंडाने म्हणायचं सोडून हा माणूस सकाळपासून भट्टीत बसून होता. वर ब्लडप्रेशरची गोळी चालू.

माझा इतका संताप झाला, की डोळ्यांत पाणी आलं. म्हटलं, "तुम्हाला काही झालं तर ही पत्रिका काय चुलीत घालायची मला? आत चला, पंख्याखाली बसा."

"आत बसलो तर तू बोलत बसशील. काम झालं का?"

"दोन पानं राहिलीत."

"मग इथे काय उभी राहिलीस?"

मी त्याला पाणी दिलं. टॉवेल परत ओला करून मानेवर ठेवला, जरा जोरातच ठेवला. आणि आत गेले. दार या वेळी उघडंच ठेवलं, म्हणजे माझ्या पंख्याची झुळूक बाहेर गेली तर जावी. हॉलपर्यंत ती पोचत नाही, हे मलाही माहीत होतं. ती दोन पानं मी जितक्या काळजीने लावली, तितकी आजवर कुठलीच लावली नसतील. एकेक नाव बोटाने वाचलं. मामा वर नेला. पोरंटोरं मोजून घेतली. फाइल छापखान्याला आणि प्रूफ आत्याबाईला गेलं तेव्हा वीज आलेली नव्हती.

संध्याकाळी आत्याबाईचा फोन आला. प्रूफ बघून म्हणाली, "बरोबर हाय. आता छापा." आणि लगेच, तिच्या नणंदेकडे पण लगीन हाय, तिला पाठवते, असं म्हणाली.

वीज आल्यावर नवऱ्याने आंघोळ केली, स्वच्छ सदरा घातला आणि हॉलमधल्या पंख्याखाली पाय पसरून बसला. मुलाचा फोन आला, तेव्हा मी ओट्याशी भाकऱ्या थापत होते. आतून मला नवऱ्याचा आवाज ऐकू येत होता, एक पट्टी वर.

"आईचा कॉम्प्युटर? एकदम ओके. दिवसभर चालला. अरे, इन्व्हर्टरला काही झालेलंच नव्हतं. उगाच लोक घाबरवतात. विचार आईला."

त्याने फोन माझ्या दिशेने धरला. लग्न झाल्यापासून मी या माणसाला वादात एकदाही सहज जिंकू दिलेलं नाही. पिठाचे हात तसेच ठेवून मी तिथूनच मोठ्याने म्हटलं, "हो. दणकट आहे इन्व्हर्टर."